बामाचा वास

माझ्या मुलीला बामाचा वास अजिबात सहन व्हायचा नाही. डोकेदुखीचा, छोट्या डबीतला, कुठल्याही घरात सापडतो तो बाम. शेजारच्या आजी कपाळाला चोळून आमच्याकडे येऊन बसल्या, की ही नाक दाबून थेट मागच्या अंगणात पळायची. म्हणून आमच्या घरात बाम कधी आलाच नाही. माझं डोकं कितीही दुखो, आणि ते दुखतंच, मी रुमाल घट्ट बांधून पडून राहायचे.

मुलगी आता विशीला टेकली आहे. तिला ऑटिझम आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. हा शब्द ज्यानं कोणी काढला त्याला एकदा आठवडाभर आमच्याकडे राहायला बोलवावं असं मला फार वाटतं. स्वतःत मग्न म्हणे! चार घरं सोडून कुणाचा कुकर लागला तरी हिला कळतं, माझ्या चपलांचा आवाज ही गल्लीच्या तोंडाशी ओळखते. बोलत मात्र नाही. दोन-चार शब्द आहेत, तेही मर्जी असेल तेव्हा. कोणी जवळ आलं की त्याचा हात ओढून घेते आणि हुंगते. हात आवडला तर माणूस आवडला, नाही तर चालते व्हा.

आम्ही सातपूरला राहतो. नवरा कारखान्यात पाळीवर जातो, मी समाजकार्याच्या कॉलेजात शिकवते. आमच्या घराची सकाळ मुलीच्या केसांनी सुरू होते. कमरेपर्यंत केस आहेत, कारण कात्री दिसली की ती भिंतीवर डोकं आपटून घेते. एकदा गुंता इतका झाला होता की टाळूला जखमा झाल्या. दवाखान्यात भूल देऊन केस कापावे लागले. नंतर ती कितीतरी दिवस डोक्यावरून हात फिरवत, ओरडत घरभर फिरत होती. केस विंचरून झाल्याशिवाय ती घास तोंडात घेत नाही, घास घेतल्याशिवाय अंघोळीला जात नाही. म्हणजे केस अडले की सगळंच अडलं. आणि विंचरायला तिला माझा हात चालायचा नाही. माझ्या पोटची पोर, आणि माझा हात नको! बापानं प्रयत्न केला तर त्याच्या तोंडावर नखं ओढली. आम्ही दोघांनी हात टेकले होते.

तेव्हा मावशी आल्या.

मावशी सुरगाण्याकडच्या पाड्यावरच्या. उभं आयुष्य दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागांत गेलं होतं. दिवाळीच्या आधी मुकादम पिकअप घेऊन पाड्यावर जायचा, टोळी भरून आणायचा, आणि हंगाम संपेपर्यंत ही माणसं बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहायची. घड औषधात बुडवायचे, विरळायचे, फवारणी चालू असताना शेजारच्या ओळीत काम करत राहायचं. पुढे मावशींना दम लागायला लागला. वेग कमी झाला तशी टोळीनं त्यांना मागे ठेवलं. टोळी उक्तं काम घेते, बागेमागे ठरलेले पैसे, एक जण मागे पडला की सगळ्यांचं नुकसान, त्यामुळे त्यात कोणाचा राग धरण्यासारखं काही नव्हतं, असं मावशीच म्हणायच्या. मला मात्र राग यायचा. त्यांचा भाचा सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये होता. त्याच्या खोलीवर त्या राहायला आल्या आणि कामाचं विचारत आमच्या दारात उभ्या राहिल्या.

मुलीनं त्यांचा हात ओढला. हुंगला. मग पुन्हा हुंगला. आणि तो हात स्वतःच्या डोक्यावर नेऊन ठेवला. मी दारात बघतच राहिले.

त्या दिवसापासून मागच्या दाराची पायरी ही दोघींची जागा झाली. मावशी वरच्या पायरीवर, मुलगी खालच्या. लाकडी कंगवा घेऊन त्या टोकाकडून वर वर येत. घाई नाही. विंचरताना तोंड मिटून घुमल्यासारखा एक सूर धरायच्या. हळूहळू मुलगीही त्यात आपलं म्म्म मिसळायला लागली. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. खरं सांगू? सुख वाटायचं आणि पोटात जळायचंसुद्धा. एवढी वर्षं मी काय झक मारली, असं वाटायचं.

तरी मावशींमुळेच मी माणसात आले, घराबाहेर पडायला लागले. कॉलेजतर्फे आम्ही स्थलांतरित मजुरांच्या आरोग्याचा अभ्यास करत होतो. सकाळी मजूर मिळण्याच्या नाक्यावर, दुपारी बागांत, कधी सातपूरच्या वर्कशॉपांतून फिरायचं. खोकला किती दिवस आहे, अंगाला खाज सुटते का, फवारणी चालू असताना तोंडाला काय बांधता. रिपोर्टमध्ये आम्ही लिहायचो, फवारणी आणि श्वसनाचा त्रास यांत संबंध आढळतो. कारण आहे असं लिहायचं नसतं. तसं लिहायला वेगळा पुरावा लागतो, ते मीच विद्यार्थ्यांना शिकवते. आणि घरी येऊन बघावं तर मावशी दोन पायऱ्या चढून भिंतीला धरून उभ्या.

मीच त्यांना ओढून दवाखान्यात नेलं. फोटो निघाले, नळीत फुंकायला लावलं. डॉक्टर समजूतदार होते. म्हणाले, फुप्फुसं आकसत चालली आहेत, औषधानं आराम पडेल, पण जे गेलं ते परत यायचं नाही. मी विचारलं, फवारणीमुळे का? ते म्हणाले, असू शकेल, चुलीचा धूरही असू शकेल, ठाम सांगता येणार नाही. माझंच वाक्य माझ्या तोंडावर आलं. मावशींनी फक्त एवढंच विचारलं, "किती दिस?" डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी पुढे केली. रिक्षात मावशी म्हणाल्या, "त्यांना तरी काय ठावं असणार, ताई." मग घर येईपर्यंत बाहेर बघत बसल्या.

मी म्हटलं, उद्यापासून काम बंद, आराम करा. तर माझ्यावरच डोळे वटारले. "आन् बायचे केस?" मुलीला त्या बाय म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पायरीवर हजर.

पायरीवर बसल्या बसल्या मावशी कधी कधी जुन्या गोष्टी सांगायच्या. एकदा त्यांनी सांगितलं, पाड्यावरच्या बाया हंगामाच्या तोंडावर अंगावरच्या पोराचं दूध कसं तोडतात. पोर आजीपाशी ठेवून टोळीबरोबर निघायचं असतं. पोर सोडेना, तर छातीला कडुलिंबाचा पाला वाटून लावायचा. दोन दिवस, चार दिवस. पोर तोंड लावतं, थुंकतं, रडतं. मग आईकडे जायचंच सोडतं. "आई कडू लागली म्हंजी सुटतं," मावशी म्हणाल्या. "न्हाय तर मागं रडून रडून मरंल. माझी लेक तर माझ्याकडं बघंनाशी झाली. तवा मी पिकअपमंदी बसले." हे सांगताना त्या हसत होत्या. मी म्हटलं, किती क्रूर आहे हे! त्या म्हणाल्या, "मंग काय करायचं होतं?"

मग पावसाळ्यात एक मुलगी आमच्या घरी आली. विद्यापीठात संशोधन करणारी, पोरसवदा, गोड. ऑटिझम असलेल्या मुलांच्या कुटुंबांचं स्वास्थ्य हा तिचा विषय. मला मनातल्या मनात हसू आलं. सकाळी मी दुसऱ्याच्या झोपडीत बसून प्रश्न विचारले होते, आणि आता ही माझ्या सोफ्यावर बसून मला विचारत होती. गेल्या महिन्यात तुम्हाला असहाय वाटलं का: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, नेहमी? मी म्हटलं, अगं, रविवारचं सांगू की सोमवारचं? ती बिचारी गोंधळली.

मग तिनं विचारलं, "मुलगी तिची वैयक्तिक कामं कोणाकोणाकडून करून घेते? जेवण, अंघोळ, केस?"

"केस फक्त मावशींकडून," मी म्हटलं.

"आणि त्या नसतील तर?"

"नसतील तर मेलो आम्ही!"

मी बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे. स्वयंपाकघरात मावशी भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. त्या मुलीनं काहीतरी लिहून घेतलं, चहा घेतला आणि वर्षभरात परत येईन, तेव्हा हेच प्रश्न पुन्हा विचारीन, असं सांगून गेली.

त्यानंतर काही दिवसांनी एका सकाळी मागच्या दारातून किंकाळी आली. मी हातातलं लाटणं टाकून धावले. मुलगी स्वतःचं मनगट चावत उभी होती, अर्धे केस मोकळे, आणि मावशी कंगवा धरून बसलेल्या. अंगणभर बामाचा वास.

"मावशी, हे काय! हिला वास चालत नाही, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"हात लय दुखतात, ताई. लावला थोडा."

आजारी माणूस, मी काय बोलणार? म्हटलं, घरी लावत जा, इथे येताना हात धुऊन या. त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास. तिसऱ्या दिवशीही. आणि वास एकीकडे राहू दे, त्यांचा हातच बदलला होता. टोकाकडून वर यायच्या त्या आता वरूनच ओढायला लागल्या. सूर धरणं बंद. मुलगी कळवळली तरी त्या थांबायच्या नाहीत. तिच्या मनगटावर पुन्हा जुने वळ दिसायला लागले. जेवण अर्ध्यावर आलं. कंगवाही जागेवर सापडेना, कधी माझ्या उशाशी, कधी माझ्या पर्सवर ठेवलेला असायचा. मी समजायचे, मावशींना हल्ली विसरायला होतं.

शेवटी माझं डोकं फिरलं. नवरा पाळीवरून आलेला, मुलगी कोपऱ्यात अंग चोरून बसलेली, आणि मावशी शांतपणे पदराला हात पुसत होत्या. मी म्हटलं, "जमत नसेल तर तसं सांगा, मावशी. आम्ही आमचं बघू. पण माझ्या मुक्या पोरीला त्रास देऊ नका. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." नवरा मला खुणेनं गप्प करत होता. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "येते उद्या." बस्स. ना राग, ना रडणं. त्यामुळे मी आणखीच तडकले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, मी पडूनच होते. डोळे उघडले तर मुलगी पलंगापाशी उभी. हातात लाकडी कंगवा. माझा हात तिनं ओढला, हुंगला, आणि कंगवा माझ्या मुठीत कोंबला. मग जमिनीवर माझ्याकडे पाठ करून बसली.

छाती इतकी धडधडत होती की वाटलं तिला ऐकू जाईल आणि ती उठून जाईल. मी टोकाकडून सुरुवात केली. चुकत होते, गुंता ओढला जात होता, तरी ती उठली नाही. मी तोंड मिटून मावशींचा सूर धरायचा प्रयत्न केला. बेसूरच होता. तिनं खालून म्म्म केलं. एवढ्या वर्षांत माझ्या लेकीनं पहिल्यांदा मला तिचे केस दिले होते, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

वेणी घातली, वाकडीतिकडी का होईना, आणि मी नवऱ्याला हाक मारायला उठले. तर दारात मावशी उभ्या. कधीपासून उभ्या होत्या कोण जाणे. भिंतीला टेकून तशाच खाली बसल्या.

"सुटली गं बाय माझी," त्या म्हणाल्या. "आता जाया हरकत नाय."

मी म्हटलं, "कुठे जाताय?"

"लेकीकडं. पाड्यावर. हितं मरून भाच्याला कशाला घोर." मग हात पुढे करून म्हणाल्या, "आमच्याकडं कडुलिंब लावतात. मी बाम लावला."

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. उशाशी ठेवलेला कंगवा, ओढलेले केस, तो वास. मी त्यांच्यासमोर मट्‌कन खाली बसले. आणि काय करावं मी? पाया पडायचं सोडून मी ओरडले त्यांच्यावर. "मला विचारायचं तरी होतं! पोरीनं मनगट फोडून घेतलं!"

"विचारलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

नसतंच दिलं. आजही देणार नाही. मुलीच्या थेरपिस्टला मी नंतर सांगितलं तर ती हादरली, म्हणाली, असं कधीही करायचं नसतं, हळूहळू दुसऱ्या माणसाची सवय लावायची असते, त्याच्या पद्धती असतात. बरोबर आहे तिचं. आम्ही त्या सगळ्या पद्धती करून थकलो होतो आणि मावशींकडे तेवढा वेळ नव्हता. मला अजून ठरवता येत नाही की मी त्यांच्यावर रागावू की काय करू. दोन्ही करते.

दसऱ्यानंतर त्या निघाल्या. भाचा बाहेर रिक्षा घेऊन उभा होता. मावशींनी साबणानं हात धुतले, दोन-दोनदा धुतले, नखंसुद्धा घासली. मग मुलीपुढे बसून हात पुढे केला. मुलीनं तो ओढला, हुंगला, आणि सोडून दिला. मग वळून खिडकीपाशी गेली आणि स्टीलची वाटी जमिनीवर गरगर फिरवायला लागली. तिनं मागे पाहिलं नाही.

"बेस झालं," मावशी म्हणाल्या आणि हसल्या. हसता हसता त्यांना खोकला आला, तो थांबेना. भाच्यानं धरून रिक्षात बसवलं. मला त्या क्षणी माझ्या पोरीचा संताप आला, देवाशप्पथ. वाटलं, तिला धरून गदागदा हलवावं, अगं बघ तरी, कोण चाललंय! रिक्षा वळेपर्यंत मी दारात होते. आत वाटी फिरतच होती.

थंडीत भाच्याचा फोन आला. मावशी गेल्या. पाड्यावरची बहुतेक माणसं तेव्हा बागांवर आलेली, त्यामुळे मातीला माणसं कमी होती, असं तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि मुलीकडे बघितलं. तिला काय सांगायचं? मेलं म्हणजे काय हे तिला कसं सांगायचं, ते मला कोणी शिकवलेलं नाही. मी कंगवा घेतला आणि तिच्यामागे बसले. ती शांतपणे विंचरू देत होती. मीच रडत होते.

उन्हाळ्यात ती संशोधन करणारी मुलगी ठरल्याप्रमाणे परत आली. तोच सोफा, तेच प्रश्न. केस कोणाकडून करून घेते?

"आईकडून," मी म्हटलं.

"म्हणजे तुम्ही? अरे वा मॅडम! मागच्या वेळेपेक्षा किती छान सुधारणा आहे!" तिला मनापासून आनंद झाला होता. तिचा काय दोष? मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "त्या मावशी दिसत नाहीत?" मी सांगितलं. तिनं पेन खाली ठेवलं.

तेवढ्यात शेजारच्या आजी आल्या, ऊन लागलं म्हणून कपाळाला भरपूर बाम थापून. मी पटकन उठले, म्हटलं आता ही पळणार. मुलगी उठली खरी, पण अंगणाकडे गेली नाही. आजींपाशी आली. त्यांचा हात ओढून घेतला आणि हुंगला. किती वेळ हुंगत राहिली! नाक दाबलं नाही, काही नाही. मग आत जाऊन कंगवा घेऊन आली, तो आजींच्या हातात दिला, आणि त्यांच्याकडे पाठ करून जमिनीवर बसली.

"अगो बाई, हिला काय हवंय?" आजी मला विचारत होत्या.

मी नुसतं विंचरा म्हणून हातानं दाखवलं. आजींनी एकदा कंगवा फिरवला. मुलीनं मान वळवली, आजींच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांच्या हातातून कंगवा काढून घेतला आणि मागच्या दाराच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली. पाठ वरच्या पायरीकडे करून. सुटली, असं मावशी म्हणाल्या होत्या. काही सुटलं नव्हतं.

संध्याकाळी मी दुकानातून बामाची डबी आणली. नवरा म्हणाला, हे काय नवीन? दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो दोन्ही हातांना चोळला आणि वरच्या पायरीवर बसले. मुलीनं माझा हात हुंगला आणि डोळे मिटले. मग तोंड मिटून तिनं मावशींचा सूर धरला, बरोब्बर तोच, कुठेही न चुकता. मी अर्धे केस विंचरले असतील नसतील, ती मागे वळली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती, कोणीतरी आत राहिलं असावं तशी. ती बराच वेळ बघत राहिली.

मग मी आत जाऊन साबणानं हात धुऊन आले, आणि राहिलेले केस विंचरले.